वहिनीनं विमान घेतलं

माझी वहिनी पंपांच्या कारखान्यात खरेदी खात्याची प्रमुख आहे. कारखान्यात बाहेरून जे जे येतं, बिडाच्या ओतीव भागांपासून लादी पुसायच्या फडक्यापर्यंत, ते तिच्या नजरेखालून येतं. घरीही तोच कारभार. तिला न विचारता घरात आलेली वस्तू महाग पडलेली असते, हे आमच्याकडे सिद्ध करावं लागत नाही. मी एकदा स्वतःच्या अकलेनं छत्री आणली. वहिनीनं ती उघडली, मिटली आणि म्हणाली, "असू दे." शाळेत गणितात नापास झालो तेव्हाही मला एवढं ओशाळं वाटलं नव्हतं.

तिची खरेदी बघणं ही करमणूक आहे, आणि मी ती फुकटात बघत आलोय, कारण पिशव्या धरायला दीर बरा पडतो. वस्तू कितीही आवडली तरी तिच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही. "आपल्याला आवडलंय हे त्या वस्तूलासुद्धा कळता कामा नये, भाऊजी," असं ती मला शिकवते. मग ती वस्तूला नावं ठेवते. रंग उडालाय, बिजागरी कुरकुरते, शेजाऱ्यांनी घेतली ती याहून बरी होती. मग विकणाऱ्याला विचारते, "का विकताय?" आणि तो बोलत असताना त्याच्या तोंडाकडे अशी बघत राहते, की भलेभले खरं बोलून जातात. एवढ्यानंही भाव उतरला नाही, तर ती उठते आणि चालायला लागते. मागे वळून बघत नाही. पाठीमागून हाक आली नाही, असं कधी झालेलं नाही. भाजीवाले तिला शेजारच्या गाडीपर्यंतही जाऊ देत नाहीत. जुनं लेथ मशीन विकणारा एक पठ्ठ्या फाटकापर्यंत गप्प राहिला आणि मग अनवाणी धावत आला. घासाघीस न करता तिनं आयुष्यात एकच गोष्ट पसंत केली, ती म्हणजे माझा भाऊ, आणि परिणाम समोर आहे, असं दादा स्वतःच सांगतो.

शिवाय ती कुणाचं काही घेत नाही. नव्या वर्षाला पुरवठादार डायऱ्या पाठवतात, त्या आल्या पावली परत जातात. एकदा कुणाचंतरी बॉलपेन चुकून तिच्या पर्समध्ये आलं, तर दुसऱ्या दिवशी बस पकडून ते द्यायला गेली. पेन बंद पडलेलं होतं. तरी गेली. हा सगळा नमुना मी रोज जवळून बघतो, कारण ते राहतात खाली आणि मी वरच्या मजल्यावर, आणि जेवायला मी खालीच असतो. माझं रस्त्याच्या कडेला मोटारींच्या सीटांची कव्हरं शिवायचं दुकान आहे. लग्न केलं नाही. वहिनी म्हणते, बरं झालं, घासाघीस करता येत नाही त्यानं बाजारात जाऊ नये.

तर एके दिवशी कारखान्याच्या मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मालक मोठ्यानं बोलतात. आयुष्य पंपांच्या आवाजात गेलं, त्यामुळे समोरच्याला ऐकू येत नाही असं ते धरूनच चालतात. त्यांचे तीन गावांना तीन कारखाने, आणि मधले रस्ते असे, की मणका खिळखिळा व्हावा. ते म्हणाले, "ताई, आपल्याला एक विमान घ्यायचंय. वापरलेलं चालेल, छोटं जेट. तुम्ही बघा."

"किती सीटांचं?" वहिनीनं विचारलं. जणू कपाटाला खण किती, तेवढंच.

"मी, दोन इंजिनीअर, सुट्टीत नातवंडं. बघा तुम्हीच. मोठा पायलट मी शोधतो. आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत तुमची लेक बसू दे. किती दिवस पोर बॅगा तोलत राहणार?"

आमच्या घरातलं दुखणं हेच होतं. वहिनीची एकुलती एक लेक, जन्मली तेव्हा गुंडीएवढी होती म्हणून गुंडी, ती वैमानिक आहे. परवाना आहे, खांद्यावरच्या पट्ट्या आहेत, नोकरी नाही. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. ती विमानतळावर दुसऱ्यांच्या बॅगांचं वजन करायची. पगारातला मोठा घास भाड्याच्या विमानात थोडं थोडं उडण्यात जायचा, नाहीतर हात गंजतो म्हणे. कंटाळून तिनं ठरवलं होतं, की हे वर्ष बघायचं, मग उडणं सोडून काउंटरवरचीच कायमची नोकरी घ्यायची. तिनं हे हसत सांगितलं होतं. मला काही ते हसू आवडलं नव्हतं.

त्या संध्याकाळी जेवताना वहिनीनं मालकांचं बोलणं सगळं जसंच्या तसं सांगितलं. दादाचा घास हातात राहिला. गुंडीच्या चेहऱ्यावर दिवा लागला म्हणायचा, एवढा उजेड.

"थांब," वहिनी म्हणाली. "आधी ऐक. या खरेदीत तू नाहीस. विमान बघायला यायचं नाही. माझ्याशी त्याबद्दल बोलायचं नाही. मला काय ते कळत नाही, पण मी माणसं लावून बघेन. चांगलं मिळालं तर घेऊ, नाही मिळालं तर नाही. तुझ्यासाठी म्हणून मी वाकडं तिकडं चालवून घेणार नाही."

"बरं," गुंडी म्हणाली. दिवा मालवला.

नंतर ती वर माझ्याकडे आली आणि माझ्या घरच्या शिलाई मशीनजवळ बसून कातड्याच्या चिंध्या चिवडत राहिली. "काका, आईला माझं उडणं कधी आवडलंच नाही," ती म्हणाली. "फी भरली, पोचवायला आली, सगळं केलं. पण वर गेल्यावर कसं वाटतं, असं एकदा नाही विचारलं."

"अगं, तिचा चेहराच तसा आहे. माझ्या छत्रीला..."

"छत्रीचं राहू द्या हो काका."

मी राहू दिलं.

मग वहिनी कामाला लागली. विमानांचे दलाल असतात, हे आम्हाला नवीनच होतं. ते फोटो पाठवायचे. फोटोत प्रत्येक विमान धुतलेल्या भांड्यासारखं चकचकीत. वहिनी फोटो बघायचीच नाही. ती विचारायची, किती तास उडालंय, किती वेळा उतरलंय, इंजिनं कधी उघडली होती, आधीचे मालक किती, आणि आता कुठे उभं आहे, सावलीत का उन्हात. शेवटच्या प्रश्नाला दोन दलाल गळाले. इकडे गुंडी कबूल केल्याप्रमाणे आईशी अवाक्षर बोलत नव्हती, पण माझ्याशी बोलायला बंदी नव्हती. वहिनी स्वयंपाकघरात असली की ही बाहेरून मोठ्यानं म्हणायची, "काका, समुद्राजवळ ठेवलेलं विमान असेल ना, तर गंज जरूर बघावा." आतून फोडणीचा आवाज यायचा. दुसऱ्या दिवशी वहिनी दलालाला विचारायची, "समुद्र किती लांब आहे?"

अखेर एक विमान टिकलं. एकच मालक, सहा सीटांचं, दोन इंजिनांचं, कायम बंद शेडमध्ये ठेवलेलं. बघायला जायचं ठरलं तेव्हा वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही चला. सीटं बघायची आहेत."

मी खूश. सहा सीटांचं कातडी काम म्हणजे काय थट्टा आहे?

"आणि सीटं खराब निघाली तरी काम तुम्हाला मिळणार नाही," ती पुढे म्हणाली. तसंही मिळालं नसतं. विमानाच्या सीटचं कातडं पेट न घेणारं, पास केलेलं लागतं, ती दुकानंच वेगळी. पण माणसाला दोन मिनिटं तरी खूश राहू द्यावं की नाही?

विमान ठेवलेली शेड, तिला हँगर म्हणतात, फाटकापासून इतकी लांब होती, की मधे एक गाव वसलं असतं. मधे सगळं सिमेंटचं सपाट मैदान, आणि पायी चालणाऱ्यांसाठी रंगवलेला एक पिवळा पट्टा. पट्टा सोडायचा नाही, असं पहारेकऱ्यानं बजावलं. आम्ही एकामागे एक चालत गेलो. आत विमान उभं होतं. पांढरं, अंगावर निळी रेघ. मला वाटलं होतं मोठं असेल. आमच्या बसस्टॉपवर थांबते ती बस याच्याहून रुंद. आत चढताना मी डोकं आपटलं, आणि आत गेल्यावर कळलं की तिथे सरळ उभंच राहता येत नाही. श्रीमंत लोक एवढे पैसे देऊन वाकून चालतात, हे बघून मला फार बरं वाटलं.

विमानाचा मालक म्हणजे बिस्किटांच्या कारखान्याचे एक आजोबा. कॅनव्हासचे बूट, कानात यंत्र, बोलणं मोजकं. बोलायचं काम त्यांच्या दलालाकडे होतं, आणि तो ते दोघांचं मिळून करत होता. "मॅडम, दुसरी पार्टी तयार आहे," हे त्यानं आम्ही बसायच्या आधीच सांगितलं.

"मग त्यांना ताटकळत ठेवू नका," वहिनी म्हणाली. दलाल पाणी प्यायला गेला.

वहिनी सहाही सीटांवर बसली. प्रत्येक सीटवर थोडा वेळ, पर्स मांडीवर घेऊन. मागचा पडदा सरकवून शौचालय बघितलं, झाकण उघडून वास घेतला. मग खाली उतरून आजोबांसमोर उभी राहिली. "का विकताय?"

दलालानं तोंड उघडलं. आजोबांनी हात वर केला. "पूर्वी मी गेलो की काम सुरू व्हायचं," ते म्हणाले. "आता मी गेलो की काम थांबतं. सगळे उभे राहतात, चहा आणतात, फोटो काढतात. पोरं चांगलं चालवतायत. मग कशाला जा?"

वहिनी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. माणूस खरं बोलत होता. हे मलासुद्धा कळलं.

मग तिनं बाहेरचे तपासनीस लावले. त्यांनी विमान खोलून, आतून दुर्बिणी घालून बघितलं. विमानाची सगळी कुंडली पहिल्या दिवसापासून लिहिलेली असते, ती पान न् पान वाचली. टायर, एक बॅटरी, दाराचं रबर आणि एक कसलीशी नळी, एवढंच बदलायला निघालं. आजोबांनी तेवढे पैसे किमतीतून न मागता कमी केले. वहिनीला हे अजिबात आवडलं नाही. "न मागता?" ती घरी येऊन म्हणाली. "कुठेतरी पाणी मुरतंय." पण कुठेच मुरत नव्हतं. समोरचा माणूस सरळ निघाला तर काय करायचं, याची तिला सवयच नव्हती.

शेवटच्या दिवशी चाचणीचं उड्डाण होतं आणि मग सौदा पक्का करायचा होता. आजोबांचा जुना कॅप्टन डाव्या खुर्चीत, आणि उजवीकडे एक तरुण सहवैमानिक. मागे वहिनी, मी आणि तिनं लावलेले तपासनीस. विमानानं अशी काही धाव घेतली, की माझं पोट फाटकाजवळच राहिलं. मी डोळे मिटून जेवढी माहीत होती तेवढी देवांची नावं घेतली. मग उघडले. खाली शेतं, रस्ते, एक नदी, सगळं नीट मांडून ठेवलेलं. मी वहिनीला म्हटलं, "बघ तरी."

ती खिडकीतून बघतच नव्हती. ती समोर बघत होती, त्या उजव्या खुर्चीकडे. त्या पोराची मान, कानावरचे हेडफोन, हात. तो काही आकडे वाचून दाखवायचा, कॅप्टन मान हलवायचा. वहिनी एकटक. उतरल्यावर तिनं त्या पोराला विचारलं, "बाळा, वर असताना कसं वाटतं रे?" तो गोंधळला. म्हणाला, "काकू, कामच इतकं असतं, की वाटायला वेळ नसतो. पण उतरल्यावर परत जावंसं वाटतं." वहिनीनं मान डोलावली आणि पर्समधला रुमाल काढून नाक पुसलं. मला वाटलं, हवा लागली असेल.

मग हँगरच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी आम्ही बसलो. चहा आला. आजोबांनी किंमत सांगितली, ती आधी ठरलेलीच होती, आणि रास्त होती. तपासनिसांनी मान डोलावली. आता वहिनीनं 'हो' म्हणायचं, एवढंच उरलं होतं.

वहिनी म्हणाली, "सीटं खराब आहेत."

मी चमकलो. दोन सीटांना बारीक चिरा होत्या, हे मीच सांगितलं होतं. सहाच्या सहा बदलाव्यात असं काही नव्हतं.

"सहाही सीटांचे पैसे कमी करा," ती म्हणाली.

आजोबा म्हणाले, "बाई, जे कमी करायचं ते मी केलंय."

"मग नाही जमायचं," वहिनी म्हणाली. उठली. आणि चालायला लागली.

मी हातातला कप खाली ठेवला आणि मागे धावलो. तपासनीस बिचारे तिथेच बसून राहिले, त्यांना हा प्रकार माहीत नव्हता. मला माहीत होता. आता हाक येणार. आम्ही हँगरच्या दाराबाहेर पडलो. हाक नाही. पिवळ्या पट्ट्यावर लागलो. ऊन मी म्हणत होतं. वहिनी आपली ताठ मानेनं, पर्स काखेत धरून चाललेली. मी तिच्या पाठोपाठ, कान मागे लावून. नुसता वारा. एका पार्क केलेल्या विमानापाशी आलो, दुसऱ्यापाशी आलो. तिची चाल जरा मंदावली. हे मी पहिल्यांदाच बघत होतो. भाजीबाजारात माणूस चार पावलांत हाकेच्या बाहेर जात नाही, इथे आम्ही कधीच गेलो होतो. मागून कुणी ओरडलं असतं तरी ऐकू आलं नसतं. हे वहिनीच्याही लक्षात आलं असावं, कारण ती माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "भाऊजी, कुणी येतंय का?"

मी वळून बघितलं. "कुणी नाही."

"बरं," ती म्हणाली आणि चालत राहिली. आता थांबायचं तरी कसं?

फाटकाजवळ पहारेकऱ्याची चौकी होती, तिच्या सावलीत एक बाक. वहिनी बसली. तिचा चेहरा उतरला होता. मला राग आला होता, खरं सांगतो. पोरीचं सगळं आयुष्य त्या खुर्चीला टांगलेलं, आणि ही चिरा मोजत बसली.

"वहिनी, काय केलंस हे?" मी म्हटलं. "दोन सीटांसाठी? अगं, सीटं मी फुकट शिवून दिली असती!"

"मला माहीतेय सीटं ठीक आहेत," ती म्हणाली.

"मग?"

तिनं काखेतली पर्स मांडीवर घेतली. मग म्हणाली, "भाऊजी, मला ते विमान हवंय. इतकं हवंय, की वर असताना मला गुदमरल्यासारखं झालं. आजवर मी एवढ्या वस्तू घेतल्या, पण मला स्वतःला कधी काही नको होतं. त्यामुळे उठता यायचं. आज मी 'हो' म्हणणार होते आणि मला वाटलं, हे मी मालकांसाठी म्हणतेय का माझ्या पोरीसाठी? ते मला समजेना. म्हणून उठले. पाय आपले आपण चालायला लागले."

माझा राग गेला. लोखंडाच्या दलालांना घाम फोडणारी बाई, आणि ही अशी.

तिनं पर्समधून फोन काढला आणि मालकांना लावला. मला वाटलं, आता काहीतरी गोलमाल सांगेल. ती गोलमाल सांगणाऱ्यांतली नाही हे विसरलो होतो. "मालक, सौदा मोडला. माझ्यामुळे मोडला. विमान चांगलं आहे, किंमत बरोबर आहे. पण माझी लेक त्यात बसणार, म्हणून माझा निर्णय मला खरा वाटत नाही. तुम्ही दुसऱ्या कुणाला पाठवा. नाहीतर माझ्या लेकीचं नाव काढून टाका. दोन्ही नाही जमणार."

मालकांचा आवाज मला बाकावर बसून ऐकू येत होता. पहारेकऱ्यालाही येत असणार, कारण तो चौकीतून बाहेर डोकावला.

"ताई, मी काय वेडा म्हणून तुमच्या पोरीचं नाव घेतलं?" मालक ओरडले. "तपासायला इंजिनीअर मला पैसे टाकून मिळतात. त्या विमानात माझी नातवंडं बसणार. ते बघायला मला असं माणूस हवं होतं, ज्याचं स्वतःचं पोरगं त्यात बसणार. म्हणून तुम्हाला पाठवलं! तुम्ही स्वतःच्या लेकीला त्यात बसवाल का, एवढंच सांगा."

वहिनीनं मैदानापलीकडच्या हँगरकडे बघितलं.

"ताई? लाइन गेली का?"

"बसवीन," वहिनी म्हणाली.

"मग जा आणि घ्या! आणि हे बघा, पोरीची परीक्षा मोठा पायलट घेईल. नापास झाली तर मी ठेवणार नाही, तुम्ही मध्ये पडायचं नाही. झालं समाधान?"

वहिनीनं फोन बंद केला. डोळे पुसले, ते लपवून नाही, सरळ पुसले. मग उठली आणि पिवळ्या पट्ट्यावरून परत निघाली. तिला आपणहून परत जाताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी मागे. जाताना लांब वाटलेली वाट येताना आणखीच लांब वाटली, कारण आता ते सगळे आम्हाला बघत असणार. दलाल हसत असणार. दुसरी पार्टी खरंच तयार असली तर?

हँगरमध्ये आजोबा होते तिथेच बसलेले. टेबलावर आमचे दोन कप, त्यांच्यावर बशा झाकलेल्या. दलाल मात्र रुमालानं मान पुसत उभा होता, आणि त्याचा चेहरा आमच्याहून वाईट होता.

"लागला का फोन?" आजोबांनी विचारलं.

वहिनी बघतच राहिली.

"इथे आत फोन लागत नाही," आजोबा म्हणाले. "मालकांना विचारायला तुम्ही फाटकापर्यंत गेलात, ते मी ओळखलं. हा सारखा मागे धावायला निघाला होता. मी म्हटलं, बस. बाईंना निवांत बोलू दे."

दलाल माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "अहो, मी तीनदा उठलो. तीनदा बसवलं मला. असं गिऱ्हाईक सोडतात का कुणी?" त्याच्याइतकं वहिनीचं दुःख त्या जागेत दुसऱ्या कुणाला कळलं नसतं.

वहिनी खुर्चीत बसली. आणि तिनं विकणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत बघून, आयुष्यातले सगळे नियम मोडून सांगितलं, "आजोबा, मला हे विमान हवंय. फार आवडलंय मला."

"मग घ्या की," आजोबा म्हणाले. "मी कशाला बसलोय? सीटांचा खर्च निम्मा निम्मा करू. चहा गार झाला, दुसरा सांगतो."

घरी आलो तेव्हा गुंडी कामावरून येऊन बसली होती. गळ्यात काउंटरचं ओळखपत्र तसंच. तिनं आईकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. विचारायचं नाही असं ठरलंच होतं. दादानं टीव्ही बंद केला.

"घेतलं," वहिनी म्हणाली.

गुंडीनं दोन्ही हात तोंडावर धरले.

"नोकरी मिळालेली नाही तुला. मोठा पायलट परीक्षा घेणार आहे. नापास झालीस तर मी एक शब्द बोलणार नाही."

"हो," गुंडी म्हणाली. "नापास झाले तर झाले. विमान तर चांगलं मिळालं ना? तुझं काम झालं."

ती पुढे पास झाली, पण ते नंतरचं. त्या वेळी कुणालाच काही माहीत नव्हतं, आणि पोरगी आईलाच धीर देत होती. वहिनी तिच्यासमोर जमिनीवर बसली. खुर्ची असताना.

"आज वर गेले होते मी," ती म्हणाली. "उजव्या खुर्चीत दुसराच पोरगा होता. चांगला होता. पण मला त्याच्या जागी सारखी तूच दिसत होतीस. तिथे दुसरं कुणी बसलेलं मला बघवलं नाही, बाळ."

"आई, तुला तर माझं उडणं..."

"मला हवं होतं," वहिनी म्हणाली. "तू पहिल्यांदा बोललीस त्या दिवसापासून. मी दाखवलं नाही, एवढंच. दाखवलं की हातचं जातं, असं मला वाटत आलं. भाजी घेताना ठीक आहे ते. तुझ्या बाबतीत चुकलं माझं."

गुंडी रडायला लागली, वहिनीही रडली, आणि दादा टीव्हीचा रिमोट हातात घेऊन उभाच राहिला. मग वहिनीनं पदरानं लेकीचं तोंड पुसलं आणि विचारलं, "सांग आता. वर गेल्यावर कसं वाटतं?"

गुंडी सांगायला लागली. ती सांगतच राहिली, आणि वहिनी ऐकत राहिली. मला भूक लागली होती, पण त्या दिवशी मी स्वतःच उठून ताटं घेतली.